उजेडाची सूत्रे

आपल्या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी नाटककारांची, नटांची आणि गवयांची आठवण भरपूर ठेविली आहे. पडदे रंगविणाऱ्यांचीही थोडीबहुत ठेविली आहे. परंतु ज्याच्यावाचून यांपैकी कोणीही प्रेक्षकांस दिसला नसता, त्या दिवेवाल्याच्या वाट्यास दोन ओळीसुद्धा क्वचितच आल्या आहेत. याचे एक कारण असे की, उजेड चांगला असला म्हणजे तो कोणाच्या लक्षात येत नाही आणि वाईट असला म्हणजे दोष नटाच्या पदरी जातो. प्रस्तुत लेखाचा विषय हा दिवेवाला आणि त्याच्या हातातील यंत्र हा आहे.

सोलापुरात भवानी पेठेसारख्या कष्टकरी वस्तीतील एखाद्या हौशी नाट्यमंडळास दिव्यांचे नियंत्रण करणारे स्वतःचे यंत्र, म्हणजे बोलीत ज्यास 'लाइट बोर्ड' किंवा नुसते 'डेस्क' म्हणतात ते, विकत घ्यावयाचे झाले तर कोणते घ्यावे? प्रश्न वरवर पाहता बाजारातला आहे. विक्रेत्याकडून किमती मागवाव्यात आणि परवडेल ते घ्यावे, असे कोणीही म्हणेल. परंतु आज बाजारात शेजारी शेजारी मांडलेली ही यंत्रे एका वयाची नाहीत. त्यांतील प्रत्येक प्रकार एकेका कालखंडाने आपल्या अडचणीस दिलेले उत्तर आहे. ती अडचण कोणती होती हे ठाऊक नसेल, तर दुसऱ्याचे उत्तर आपण आपल्या पैशांनी विकत घेतो. म्हणून बाजारात शिरण्यापूर्वी थोडे मागे जाणे इष्ट आहे.

१८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' उभे केले, तो तेलाच्या दिव्यांचा आणि मशालींचा काळ होता. तमाशाच्या फडात आणि कोकणातील दशावतारातही टेंभे व हिलाल यांवरच काम भागत असे. या व्यवस्थेत नियंत्रण कोणाकडे होते, असे विचारले तर उत्तर सरळ आहे: मशाल धरणाऱ्याकडे. तो ज्या पात्राकडे झुकेल ते पात्र उजळावयाचे, तो मागे सरेल तेव्हा ते अंधुक व्हावयाचे. त्याला नाटक पाठ होते, नटाच्या लकबी ठाऊक होत्या, आणि दिवा व दिवा हालविणारा हात यांच्यामध्ये दुसरे काहीच नव्हते. पुढे राकेलचे दिवे आले. त्यांच्यामागून दाबाखाली तेलाची वाफ करून जाळणाऱ्या किटसनच्या बत्त्या आल्या. उजेड कितीतरी पटींनी वाढला, पण तो एका जागी टांगला गेला. मशालवाल्याच्या हातची लवचिकता गेली, आणि फुरफुरणाऱ्या बत्तीला 'आता हळूहळू मंद हो' असे सांगण्याची काही सोय नव्हती.

पण तशी गरज तरी कोणास होती? अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८० पासून, जी संगीत रंगभूमी बहरली तिचा जीव गाण्यात होता. प्रेक्षक पदाला 'वन्स मोअर' देत. दिला की पद पुन्हा, क्वचित तिसऱ्यांदा. नाटक रात्रभर चालावयाचे आणि कोणत्या घटकेला कोठवर पोहोचेल याचा भरवसा नसावयाचा. अशा नाटकाला एकसारखा लख्ख उजेड पुरे होता. शिवाय मागे रंगविलेले पडदे होते: रस्ता, उपवन, अरण्य, राजवाडा. चित्रकाराने ऊन-सावली पडद्यावर आधीच रंगवून ठेविलेली असे. त्या चित्रावर खरा दिवा एका बाजूने पडू लागला, की रंगविलेली सावली एका दिशेला आणि नटाची सावली दुसऱ्या दिशेला, असा पेच उत्पन्न होतो. ही विसंगती युरोपात अडोल्फ आप्पिया या स्वित्झर्लंडच्या कलावंताने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नेमकी दाखवून दिली, आणि रंगविलेले चित्र काढून टाकून घन आकारांवर हालता उजेड पाडावा, असे प्रतिपादन केले. आमच्याकडे हा प्रश्न पडावयास आणखी काही वर्षे जावी लागली.

युरोपाची वाट वेगळी होती, कारण तेथे मध्यंतरी ग्यास आला. १८१७ पासून लंडनच्या नाटकगृहांत ग्यासचे दिवे लागले आणि सर्व नळांच्या चाव्या एका फलकावर आणण्याची कल्पना निघाली. उजेडाची सूत्रे एके ठिकाणी आली ती प्रथम तेथे. फिरत्या मराठी मंडळ्यांना नळाचा ग्यास गावोगाव बरोबर नेणे शक्यच नव्हते. त्यामुळे मधली पायरी आपल्या वाट्यास आली नाही, तिच्याबरोबरची आगही फारशी आली नाही. ८ डिसेंबर १८८१ रोजी व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात ग्यासच्या दिव्यांपासून आग लागून शेकडो प्रेक्षक मेले. त्याच महिन्याच्या २८ तारखेस लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात विजेच्या दिव्यांनी रंगमंच उजळला, आणि थिएटरचा चालक डॉइली कार्ट याने पेटता दिवा मलमलीत गुंडाळून फोडून दाखविला. कापडाला डागसुद्धा पडला नाही. विजेने रंगभूमीवर प्रवेश केला तो सौंदर्यासाठी जितका, तितकाच जिवाच्या भीतीने. त्याच वेळी तेथील दिवे रोधक तारांच्या साहाय्याने कमीजास्तही करता येत होते.

या रोधक डिमरचा स्वभाव सांगण्यासारखा आहे. विजेच्या वाटेत अडथळा घालावयाचा. अडथळा जितका मोठा, तितका दिवा मंद. दिव्याला न मिळालेली शक्ती उष्णता होऊन तारेत जळते. शिवाय हजार वॅटच्या दिव्यासाठी केलेला डिमर पाचशे वॅटच्या दिव्याला लाविला तर दिवा पुरता विझतच नाही. ही अवजड, तापणारी धुडे विंगेत उभी असत आणि त्यांचे दांडे ओढणाऱ्या माणसांना रंगमंच बाजूने दिसे, प्रेक्षकांना दिसतो तसा कधीच दिसत नसे. लंडनच्या स्ट्रँड कंपनीतील फ्रेड बेंथम याने १९३५ साली चर्चमधील ऑर्गनच्या धर्तीवर, पट्ट्या आणि पेडल असलेला 'लाइट कन्सोल' केला, तो दिवेवाल्याला विंगेतून बाहेर काढून वादकाप्रमाणे समोर बसविण्यासाठी. उजेड वाजवावयाचा असतो ही त्याची समजूत होती. आम्हांस ती मोठी मोलाची वाटते.

मराठी रंगभूमीवर उजेडाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला तो वास्तव नेपथ्याबरोबर. मामा वरेरकरांचे 'सत्तेचे गुलाम' ललितकलादर्शने १९२२ साली आणिले. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरने 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगविली. रंगमंचावर तीन भिंतींची खोली आली, खरी दारे-खिडक्या आल्या, स्त्रियांच्या भूमिका स्त्रिया करू लागल्या. खोलीला खिडकी असली की तिच्यातून ऊन कोठून येते हे विचारावे लागते. टेबलावर दिवा असला की तो मालविल्यावर खोलीत किती अंधार व्हावा हे ठरवावे लागते. पडद्यावरचे अरण्य असले प्रश्न विचारीत नसे.

परंतु प्रश्न पडला म्हणून साधन हाती येतेच असे नाही. विलायती डिमर हौशी मंडळीच्या स्वप्नातही नव्हते. येथे आपल्या लोकांच्या मदतीस आले ते मीठ. मिठाच्या पाण्याचा डिमर ही गोष्ट आजच्या तरुण रंगकर्मींना दंतकथा वाटते, पण आपल्या देशात हौशी नाटकांचे कितीतरी प्रयोग त्याच्यावर झाले आहेत, म्हणून तिचे वर्णन थोडे विस्ताराने करतो. मातीचे किंवा चिनीमातीचे उभे भांडे घ्यावयाचे, त्यात पाणी व चिमूटभर मीठ. तळाशी धातूची एक पट्टी, वर सुतळीने टांगलेली दुसरी. दिव्याकडे जाणारी वीज या दोन पट्ट्यांमधील पाण्यातून न्यावयाची. वरची पट्टी पाण्याबाहेर असेल तोवर दिवा बंद. पाण्यात उतरू लागली की दिवा जागा होतो, आणि दोन्ही पट्ट्या एकमेकींस भिडल्या की पुरा लागतो. मीठ जास्त पडले तर दिवा एकदम भडकतो, कमी पडले तर जांभई देत उठतो. म्हणून प्रत्येक दिव्याचे भांडे वेगळे चाखून ठेवावे लागे. चाखून हा शब्द अर्थातच अलंकारिक आहे. त्या पाण्यात जिवंत वीज असे. प्रयोग लांबला की पाणी उकळू लागे, वाफेने पातळी खाली जाई. ओल्या हाताने पट्टी धरणाऱ्याची एक चूक म्हणजे मृत्यूला आमंत्रण होते. ही युक्ती आज कोणी करून पाहू नये.

तथापि तिच्यातील एक गुण विसरण्याजोगा नाही. सुतळी धरणाऱ्याला पट्टीचे वजन बोटांत जाणवत असे आणि दिवा त्या बोटांच्या गतीने उजळत असे. नटाने वाक्यानंतर क्षणभर अधिक थांबावयाचे ठरविले तर सुतळीही थांबे. कलकत्त्याच्या तापस सेन यांनी १९५९ साली 'सेतू' नाटकात प्रेक्षकांपुढून धडधडत जाणारी आगगाडी, आणि त्याच वर्षी मिनर्व्हा थिएटरात उत्पल दत्त यांच्या 'अंगार'मध्ये खाणीत चढत जाणारे पाणी दाखविले, तेही महागड्या यंत्रांच्या बळावर नव्हे. दिवे, पत्र्याचे तुकडे, छिद्रे, अंधार आणि वेळेचे अचूक भान यांवर ते उभे होते. आपल्याकडे प्रकाशयोजनेला स्वतंत्र कला म्हणून जी मान्यता मिळाली तिच्यात त्या गृहस्थांचा वाटा फार मोठा आहे.

पुढची पायरी डिमरस्टॅटची. हे वस्तुतः रोहित्र. गोल चकती फिरवावी तसतसा दाब कमीजास्त होतो, वीज फुकट जळत नाही आणि दिवा लहान असो की मोठा, पुरता विझतो. वजन मात्र असे की टेंपोतून उतरविताना हमालाची गाठ पडावी. त्याच सुमारास, १९५७ साली, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या तंत्रज्ञांनी थायरिस्टर नावाचा सिलिकॉनचा लहानसा खटका तयार केला आणि सारे चित्रच पालटले. हा खटका विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा हवा तेवढा भाग कापून टाकतो. सेकंदाला शंभर वेळा कापतो, म्हणून डोळ्यास कळत नाही. कानास मात्र कधी कधी कळते, कारण दिव्याची तार गुणगुणू लागते आणि ध्वनिक्षेपकात घरघर शिरते. त्याचा मोठा लाभ असा की, खटक्याला हुकूम देण्यासाठी दहा व्होल्टांपर्यंतचा क्षीण दाब पुरतो. जिवंत वीज मागे पेट्यांत राहिली, आणि दिवेवाल्याच्या पुढे उरले ते निरुपद्रवी कळांचे हलके डेस्क. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ नंतर जी प्रायोगिक नाटके झाली, त्यांच्या काळाचे हे यंत्र.

या डेस्कवर फेडर नावाच्या वरखाली सरकणाऱ्या कळांच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीवर चालू प्रवेश उभा असतो. तेवढ्या अवकाशात खालच्या ओळीवर पुढचा प्रवेश मांडून ठेवावयाचा, आणि संकेत आला की एका मुख्य कळेने एक ओळ उतरवून दुसरी चढवावयाची. बारा दिव्यांच्या डेस्कावर चोवीस कळा होतात. दोन प्रवेशांमधील अवकाश अर्ध्या मिनिटाचा असेल तर बोटांची कसरत होते, पण करणारा माणूस नाटकाच्या आत असतो. आमचे मत विचाराल तर ज्याला प्रकाशयोजना शिकावयाची आहे त्याने वर्षभर तरी या दोन ओळींवर हात बसवावा.

यानंतर स्मरण असलेले यंत्र आले. १९७५ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 'अ कोरस लाइन' या संगीतिकेसाठी थॅरन मसर या प्रकाशयोजनाकर्तीने संगणकाची स्मृती असलेले डेस्क वापरिले, आणि तोवर विंगेत कित्येक माणसे मिळून जे दांडे ओढीत ते काम एका कळेवर आले. प्रत्येक दिवा किती, किती सेकंदांत चढावयाचा, किती सेकंदांत उतरावयाचा, हे सारे एकदा नोंदविले की यंत्र ते शंभर प्रयोगांत तंतोतंत तसेच करते.

तंतोतंत हा शब्द भवानी पेठेत उच्चारताना कान टवकारतात. सोलापूरच्या या पूर्व भागात मागांची खटखट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, आणि सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या यंत्राने उतरते ते जकार्ड हे त्या स्मरणशील डेस्काचे थेट पूर्वज होय. फ्रान्समधील ल्यों शहराच्या जोसेफ मारी जाकार याने १८०४ साली ते सिद्ध केले. पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ मागावर टांगलेली असते. आडव्या सुताच्या एकेका फेकीला एकेक कार्ड. कार्डात छिद्र असेल तेथे सुई आत जाते आणि तेवढे उभे धागे वर उचलले जातात. छिद्र नसेल तेथे धागा खाली राहतो. म्हणजे नक्षी विणकराच्या स्मरणातून निघून कार्डात जाऊन बसली. १८३९ साली जाकारचेच एक चित्र सुमारे चोवीस हजार कार्डांवरून रेशमात विणले गेले, आणि त्याची एक प्रत गणितयंत्रांचा आद्य कल्पक चार्ल्स बॅबेज याच्या संग्रही होती. आपल्या यंत्राला हुकूम कार्डांनी द्यावयाचे हे त्याने मागावरूनच घेतले. तेथून कार्ड संगणकात गेले, आणि संगणकाची स्मृती दिव्यांच्या डेस्कात आली. भवानी पेठेतील नाट्यमंडळात माग चालविणाऱ्या घरची मुले असतील, तर त्यांना या यंत्राचे तत्त्व इतरांहून लवकर उमजावे: एक संकेत म्हणजे एक कार्ड, दिवे म्हणजे उचलले जाणारे वा न उचलले जाणारे धागे.

पण उपमा येथपर्यंतच चालते. चादरीच्या सुताला मनस्थिती नसते. नट आज वाक्य गिळतो, उद्या त्यावर रेंगाळतो. हशा पिकला की थांबावे लागते. राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगात घाबरलेला मुलगा दोन पाने गाळून पुढे निघून जातो. त्या वेळी कार्डांची माळ आपल्या क्रमाने फिरत राहिली, तर न्यायालयाच्या प्रवेशाला चांदणे पडते. म्हणून स्मरणाच्या यंत्रात पाहावयाचे ते हे नाही की त्यात किती हजार संकेत मावतात. क्रम मोडून भलत्याच संकेतावर किती सहज उडी मारता येते, आणि चालू असलेला संकेत मध्येच बोटाने धरून हळू करता येतो की नाही, हे पाहावे.

आता प्रत्यक्ष निवडीकडे वळू. मंडळाने प्रथम आपण कोठे खेळणार याची यादी करावी. सोलापुरातील मुख्य नाट्यगृह म्हणजे हुतात्मा स्मृती मंदिर. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांचे ते स्मारक. अशा नाट्यगृहात दिवे व डिमर तेथलेच असतात; आपले डेस्क त्यांच्याशी बोलू शकते की नाही, हा पहिला प्रश्न. जुन्या डिमरला प्रत्येक वाटेची वेगळी तार लागते. नव्याला डीएमएक्स नावाची एकच तार पुरते. अमेरिकेतील रंगतंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली ठरविलेली ही भाषा आता सर्वत्र चालते आणि तीत एका तारेवर ५१२ वाटा मावतात. शाळेच्या सभागृहात किंवा गणेशोत्सवाच्या मांडवात खेळावयाचे तर डिमरही आपलेच न्यावे लागतील. दहा अँपिअरच्या एका वाटेवर २३० व्होल्टांस हजार वॅटचे दोन दिवे बसतात, तिसरा बसत नाही. बारा हजार वॅट एकदम लाविले तर पन्नासांहून अधिक अँपिअर लागतील; मांडवाची तार ते सोसणार नाही. हा हिशेब कागदावर केल्याशिवाय डेस्काची चर्चा करू नये.

दुसरा प्रश्न दिव्यांच्या जातीचा. एलईडीचा एक रंगीत दिवा चार वाटा खातो, काही सात-आठही खातात. बारा वाटांच्या डेस्कावर असे तीनच दिवे चालतील. एलईडी कधीही डिमरवर लावू नये. त्याला सरळ वीज आणि वेगळा हुकूम लागतो. स्वस्त एलईडी विझतानाही खटकतो, कारण हुकुमाला २५६ पायऱ्या असतात आणि अगदी तळच्या चारपाच पायऱ्या डोळ्याला दिसतात. शोकान्तिकेच्या अखेरच्या अंधारात तो उजेड जिना उतरल्यासारखा उतरतो. त्या एका क्षणासाठी दोन जुने हॅलोजन दिवे आणि त्यांचे डिमर मंडळाने मोडीत काढू नयेत.

तिसरा मार्ग पुष्कळांस मोह घालतो: लॅपटॉप आहेच, लहानसे उपकरण जोडावे, 'क्यू एल सी प्लस'सारखी फुकट आज्ञावली घ्यावी, आणि डेस्काचा खर्चच वाचवावा. हे होते, आणि तालमीपुरते उत्तमही होते. परंतु लॅपटॉप कोणाचा असतो? ज्याचा असतो तो पुण्यास नोकरीस गेला की दिवेही पुण्यास जातात. शिवाय उंदराने एका वेळी एकच कळ सरकते, आणि दोन हातांची दहा बोटे रिकामी राहतात.

तेव्हा या सर्वांचा मेळ घालता, चोवीस खऱ्या कळांचे, डीएमएक्स बोलणारे, माफक स्मरण असलेले आणि हवे तेव्हा त्या कळा बारा-बाराच्या दोन ओळींप्रमाणे चालविता येतील असे डेस्क आमच्या मते अशा मंडळास योग्य. मोठ्या, हलत्या दिव्यांच्या जलशासाठी केलेल्या डेस्काकडे ढुंकूनही पाहू नये. त्यातील नऊ दशांश कळा धूळ खातील आणि उरलेल्या एकाच माणसास कळतील. विकत घेण्यापूर्वी मंडळातील तिघांनी, त्यांपैकी एकाने तरी पूर्वी दिव्यांना हात लाविलेला नसावा, दुकानात बसून तासाभरात दहा संकेत नोंदवून आणि क्रम मोडून चालवून पाहावेत. तिसऱ्याला जमले नाही तर यंत्र परत ठेवावे. संकेतांची यादी कागदावर लिहिलेली असावीच. वीज एक क्षण जाऊन आली की काही स्वस्त डेस्के आपली स्मृती गमावतात, म्हणून संगणकाला लावतात तसला एक लहान यूपीएस डेस्काखाली ठेवावा.

आणखी एक गोष्ट जागेची. पुष्कळ नाट्यगृहांत दिव्यांची खोली शेवटच्या रांगेमागे काचेआड असते. तेथून नट दिसतो, पण त्याचा श्वास ऐकू येत नाही, आणि ज्या ठिकाणी दिवा उतरवावयाचा ते ठिकाण बहुधा श्वासावरच ठरलेले असते. शक्य असेल तेथे डेस्क सभागृहात, काचेच्या अलीकडे मांडण्याची परवानगी मागावी. त्यासाठी डेस्कापासून डिमरपर्यंत पोहोचणारी, जाळीच्या आवरणाची, पन्नास मीटर लांब चांगली तार लागेल. अंदाजपत्रकात तिचा आकडा डेस्काच्या आकड्याआधी लिहावा.